सुजीत कशात गेला

आमचा सुजीत हवाई दलात टेस्ट पायलट होता. दुरुस्त झालेलं विमान इतरांच्या हाती देण्याआधी ते वर नेऊन त्यात काही खोट राहिली आहे का, हे पाहायचं, असं त्याचं काम. मला त्यातलं फारसं कळत नाही, तोच सांगायचा तेवढं. सवयही तशीच. सुट्टीत आमच्याकडे दुबईला आला, की रोल्लाच्या बाजारात खुर्ची घेताना तिच्यावर बसून मागेपुढे झुलायचा. "हबीबी, कुर्सी है, घोडा नहीं," एकदा दुकानदार वैतागला. हा मला म्हणतो, "बाबा, मागचा डावा पाय सैल आहे." होताच.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत अशाच एका चाचणीत विमान पडलं आणि तो गेला. भारतात जाऊन सगळं आटोपून मी आणि माझी बायको साधना दुबईत अल मनखूलच्या घरी परतलो.

जुलैत सीमेवरच्या लढाईत गेलेल्या जवानांसाठी इथल्या मराठी मंडळींनी सभा घेतली. नावं वाचली गेली. परतताना टॅक्सीत साधनानं विचारलं, "आपल्याचं नाव का नाही घेतलं?"

"तो लढाईत नाही गेला ना."

"मग कशात गेला?"

लोक अपघात म्हणत. तो शब्द तिला सोसत नसे. रस्ता ओलांडताना होतो तो अपघात, असं तिचं म्हणणं. त्या दिवसापासून ती धड जेवेना.

पुढच्या शुक्रवारी भर उन्हात बेल वाजली. दारात एक अनोळखी बाई, घामानं भिजलेली, हातात डबा.

"मी कुबरा. रोल्लाहून बसनं आले. मराठी मंडळींकडून तुमचा पत्ता मिळाला. आम्ही दापोलीकडचे. माझा धाकटा तुमच्या सुजीतसारखीच विमानं उडवतो."

पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "भाऊ, माझ्या पोरानं फोनवर सांगितलं. तुमचा लेक शेवटपर्यंत रेडिओवर सांगत होता, कुठल्या डायलचा काटा पडतोय, कुठं थरथरतंय. त्यावरून इंधनाच्या नळीचा दोष सापडला. सगळी विमानं थांबवून तपासली. माझ्या पोराच्या विमानातही तीच नळी तडकलेली निघाली."

"एवढं बोलत बसण्यापेक्षा उडी मारायची होती गाढवानं!" साधना ओरडली.

"मारायलाच हवी होती, वहिनी. मीही हेच म्हटलं असतं. पण माझं पोर आज आहे ते त्याच्यामुळं. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला घास उतरेना."

साधना मोठ्यानं रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आता जेवल्याशिवाय जायचं नाही." डब्यात सांदणं होती. तीन माणसांत ती संपली.

मी त्यांना बसस्टॉपपर्यंत पोचवायला गेलो. खूप काही म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं, "पुन्हा या."

"इन्शाल्ला, भाऊ."

आल्याही, पुष्कळदा. त्यांचं ऋण मी कोणत्या शब्दांत मानू, अजून कळलेलं नाही.

साधनाला कुणी विचारलं, तर ती आता आवाज न उतरवता सांगते, "विमानातला दोष शोधताना गेला. शोधून गेला."