ग्रीमदालची कार्डं

एक जानेवारीला ग्रीमदाल ग्रामपालिका खाडीपलीकडच्या हेल्लस्ट्रांदमध्ये विलीन झाली, आणि सव्वीस वर्षं तिचा कारभार एकहाती पाहिलेला तोर्गाइर ब्रेक्के हेल्लस्ट्रांदच्या कचेरीत दुय्यम कारकून झाला. मुख्य कारभारी झाला हालवर टेंग्स, त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान. खिडकीजवळचं टेबल हालवरचं, टेलिफोनही त्याचाच. दारातून येणारी माणसं सरळ त्याच्याकडे जात. ग्रीमदालची माणसंसुद्धा.

“आज काय केलं त्याने?” बायको इंगेब्यॉर्ग मासा साफ करता करता विचारी.

“काही नाही. टाय सैल बांधतो, एवढंच.”

“हे काल सांगितलंस.”

ग्रीमदालात माणूस ज्या शेतावर राहतो त्याचंच नाव लावतो. शेत बदललं की आडनाव बदलतं. म्हणून तोर्गाइरने गावातल्या माणसांच्या नोंदींची कार्डं शेतांप्रमाणे लावली होती आणि कोणी घर बदललं की वरचं नाव न बदलता कार्ड नव्या शेताच्या गठ्ठ्यात हलवत असे. हालवरने पहिल्याच आठवड्यात ती रचना मोडून सगळी कार्डं वर लिहिलेल्या जुन्या आडनावांप्रमाणे वर्णानुक्रमे लावली. चूक तोर्गाइरला तिथल्या तिथे दिसली. आपल्याला विचारलं का कोणी? होऊ दे फजिती, म्हणून तो गप्प राहिला.

फेब्रुवारीत म्हाताऱ्या गुनहिल्डच्या पायाची जखम चिघळली. हालवरने कार्ड काढलं आणि नर्सबाईंना फोनवर सांगितलं, “गुनहिल्ड लीएन. म्हणजे लीएनला, वर डोंगरावर.” तोर्गाइर कॉफीत चमचा फिरवत राहिला.

दोन तासांनी टेलिफोन वाजला. हालवरचा चेहरा उतरला. “घर बंद? दारापुढे बर्फ?... आता परत शुक्रवारीच येणार तुम्ही इकडे?”

शुक्रवार म्हणजे आणखी तीन दिवस. तोर्गाइर उठला.

“ती लीएनला नाही. लेकीकडे ओयगार्डला राहते. तीन वर्षं झाली.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मी मघाशी फोनवर बोलत होतो, तेव्हाही?”

“तेव्हाही.”

हालवरने रिसीव्हर पुन्हा कानाला लावला. मग फोनमध्ये म्हणाला, “बाई, फोन करताय त्या दुकानापाशीच थांबा. आम्ही न्यायला येतो.” आणि कोट चढवत तोर्गाइरला म्हणाला, “चला. रस्ता तुम्ही दाखवायचा. उद्या कार्डंही तुम्हीच लावायची, तुमच्या पद्धतीने.”

ओयगार्डला नर्सबाईंनी पट्टी बदलली. जखम वेळेत धुतली गेली, असं त्या म्हणाल्या.

“तोर्गाइर, बरी आठवण झाली रे माझी!” गुनहिल्ड म्हणाली. “आणि हे कोण?”

तोर्गाइरने घसा साफ केला. “हे आमचे मुख्य कारभारी.”

“अगं बाई! मुख्य?” म्हातारीने लेकीला कपाट उघडायला लावलं आणि लीएनहून सोबत आणलेला सोनेरी काठाचा कप काढायला सांगितला. सव्वीस वर्षं त्या कपातून तोर्गाइर कॉफी पीत आला होता. लेकीने तो भरून हालवरपुढे ठेवला.

तोर्गाइरला पांढरा कप मिळाला. त्याचा कान तुटलेला होता.