मशीन खोटं कशाला बोलेल

शांती नगरातल्या आमच्या वन रूम किचनमध्ये मी लोकांच्या लग्नाचे बायोडेटा टाइप करून ईमेलने पाठवायचे. दोन हजार सहा की सात साल असेल. माझी धाकटी नणंद तेव्हा रत्नागिरीहून आमच्याकडे राहायला आली होती. दुपारी मी स्वयंपाकघरात असले की ती कॉम्प्युटरवर बसायची. टायपिंग शिकून तिला इथेच नोकरी धरायची होती.

एक दिवस एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. माझ्या ईमेलवरून त्यांना घाणेरडी चित्रं गेली होती. मग दुसऱ्यांचा आला, तिसऱ्यांचा आला. मला काही कळेना. अँटीव्हायरस लावला, तर तो पाऊण तास घरघरला आणि हिरवी खूण दाखवून मोकळा झाला. चालू प्रोग्रामची यादी उघडली, तिच्यातही वावगं काही नाही. तीनदा पाहिलं, तीनदा तेच. माझं डोकंच चालेनासं झालं. मशीन स्वच्छ, मी पाठवत नाही, मग उरलं कोण?

आजही लाज वाटते, पण मी तिला विचारलंच, की नको ते काही उघडून पाठवलंस का. ती नाही म्हणाली. मी तिला ती हिरवी खूण दाखवली.

"मशीन खोटं कशाला बोलेल?"

"मग मी बोलतेय का खोटं?"

दोन दिवसांनी ती गावी निघून गेली.

ती गेली तरी ईमेल जातच राहिले. आता मात्र मी घाबरले. सीपीयू रिक्षात घातला आणि काशीमीऱ्याच्या एका रिपेरिंगवाल्याकडे नेला. त्याने माझी हार्ड डिस्क काढून स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली आणि एक फाइल दाखवली. तोच फोल्डर मी घरी कितीदा तरी उघडला होता, तिथे ती नव्हती. मला वाटलं, हा हातचलाखी करतोय. तो म्हणाला, याला रूटकिट म्हणतात. हे विंडोजच्या मुळाशीच जाऊन बसतं. कुणीही फाइलींची यादी मागितली, अगदी अँटीव्हायरसनेसुद्धा, तरी ती आधी याच्या हातातून जाते, आणि हे स्वतःचं आणि साथीदारांचं नाव गाळून पुढे देतं. त्याच्या मशीनवर ते चालू नव्हतं, म्हणून दिसलं.

"भाभी, आप चोर से ही पूछ रहे थे, घर में चोर है क्या."

आलं कुठून, तर बायोडेटाच्या डोक्यावर घालायचे गणपती आणि मराठी फॉन्ट होते त्या सीडीतून. कॉपी केलेली सीडी, ओळखीत मागून मीच आणलेली. फॉन्ट चढेनात म्हणून अँटीव्हायरस बंद केला होता, तोही मीच.

संध्याकाळी गावी फोन लावला. तिला सगळं सांगितलं, माफी मागितली, परत ये म्हटलं.

"म्हणजे वहिनी," ती म्हणाली, "आतासुद्धा तुम्हाला मशीननेच सांगितलं."