फक्कीने आखलेली वस्ती

लोणकर सरांची आणि माझी पहिली भेट चिखलात झाली. प्रवरेच्या पुराने आमच्या गावाची नदीकाठची वस्ती धुऊन नेली होती. मी नगरपालिकेत आरेखक. वस्ती माळावर हलवण्याचा नकाशा मीच काढला होता. नगररचना खात्यातून निवृत्त झालेले सर स्वतःहून मदतीला आले होते. त्यांनी नकाशा पाहिला आणि विचारले, "हा लोकांनी पाहिलाय का?"

"हरकतींसाठी फलकावर लावलाय, सर."

"त्यांना वाचता येतो?"



लोक माळावर जायला तयार नव्हते. पाणी ओसरलेल्या जागेवरच पुन्हा पत्रे ठोकू लागले होते. पुढच्या पावसाळ्याआधी ते हलले नाहीत, तर पुढच्या पुरात माणसेही जातील, ही धास्ती होती.

सरांनी कागद बाजूला ठेवला. पाया आखताना टाकतात ती पांढरी फक्की मागवली आणि माझा नकाशा माळावर खऱ्या मापात आखून घेतला. घरे, दारे, नळ, गल्ल्या, सारे काही. मग वस्तीला बोलावले आणि म्हणाले, "आपापल्या घरात जाऊन उभे राहा."

बायका हसत रेघांच्या घरांत शिरल्या. "दारातून ये की गं, भिताडातून काय शिरतीस!" असे एकीने शेजारणीला दटावलेही. वयस्कर हौसाबाई मात्र गल्लीच्या कोपऱ्यावर थबकल्या.

"सायेब, हितून तिरडी कशी वळायची वो?"

मी म्हणालो, "मावशी, सहा फुटांची गल्ली आहे."

"आरं बाबा, मेलेलं मानूस येकटं चालत जातंय व्हय? चौघं न्हेत्यात त्याला!"

सरांनी कुणाच्या तरी घरून बाज आणवली. वर झोपायचे कुणी, यावर कुजबुज सुरू झाली. "मीच झोपते. न्हाईतरी सराव व्हायला पायजे," हौसाबाई म्हणाल्या.

"एवढी घाई नको, मावशी," म्हणत सरांनी चपला काढल्या आणि स्वतः बाजेवर आडवे झाले. चौघांनी खांदा दिला. कोपऱ्यावर पुढचे दोघे वळले, की मागच्यांचे पाय शेजारच्या घरात जात. तीनदा प्रयत्न झाला.

"पडाल सायेब, धरून ऱ्हावा!"

"मढं कदी धरून ऱ्हातं व्हय?"

सगळा माळ हसत होता. माझी मान मात्र खाली गेली होती. टँकर आणि बंब मोठ्या रस्त्याने कसे येतील हे मी पाहिले होते. खेड्यात वाढूनही, चार खांदेकरी गल्लीतून कसे वळतील हे माझ्या मनात आले नव्हते. सर बाजेवरून उतरले आणि सर्वांना म्हणाले, "चूक आमची आहे. सुधारायची कशी, ते तुम्ही सांगा."

कोपऱ्यावरच्या चार घरांनी थोडी थोडी जागा सोडली, तर वाट होत होती. पण ज्यांचे सगळे पुरात गेले, त्यांच्याकडे जागा मागायची कुणी? सरांनी मागितली नाही. ते नुसते उभे राहिले. बऱ्याच वेळाने रशीदभाई गवंडी पुढे आले.

"आमचा जनाजाबी हितूनच जायचा. घ्या माजे दोन हात," म्हणत त्यांनी आपल्या घराची रेघ पायाने पुसली. मग उरलेल्या तिघांनीही पुसली.

त्यानंतर माळावर यायला कुणाला समजवावे लागले नाही.

त्याच संध्याकाळी सर माझ्या मोटारसायकलवर मागे बसून नेवाशाला माउलींच्या दर्शनाला आले. वाटेत त्यांनी माझ्या चुकीचा शब्दही काढला नाही. देवळातून बाहेर पडताना एवढेच म्हणाले, "सुधारलेल्या नकाशावर सही तुझीच राहू दे." माझ्या नोकरीत मिळालेला याहून मोठा मान मला आठवत नाही. आजही नकाशा पुरा झाला, की आधी मी तो जमिनीवर आखून घेतो.

दोन पावसाळ्यांनी प्रवरेला पुन्हा तसेच पाणी आले. सकाळी आम्ही सारे माळाच्या कडेला उभे राहून जुन्या वस्तीची जागा बुडताना पाहत होतो. तेवढ्यात सरांचा फोन आला.

"सगळे वर आहेत?"

मी मागे वळून पाहिले. चुली पेटल्या होत्या, बायका नळावर भांडत होत्या.

"सगळे आहेत, सर."



सरांनी आता पंच्याहत्तरी पूर्ण केली आहे. माउलींनी त्यांना उदंड आयुष्य आणि गुडघ्यांना बळ द्यावे. नदीकाठची गावे अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या माळांवर सरांना अजून खूप चालायचे आहे.