उजेडाची फट

ज्योत्स्नाला डिप्लोमा हवा होता, कानस नको होती. १९९६ साली चांदवडहून नाशकात तंत्रनिकेतनाला येताना तिचं ठरलेलं होतं. तीन वर्षं काढायची, कागद घ्यायचा आणि कुठल्यातरी ऑफिसात टेबलापाशी बसायचं.

अडलं ते वर्कशॉपच्या जॉबवर. लोखंडाचे दोन तुकडे कानशीनं घासून एकमेकांत असे बसवायचे, की मधून उजेड दिसता कामा नये. शेवटच्या दिवशी पाचपर्यंत जमा झाला नाही तर टर्म नामंजूर, म्हणजे वर्ष गेलं. निम्म्या वर्गानं सातपूरच्या एका लेथवाल्याकडून जॉब तयार करून आणले होते. ज्योत्स्नानंही आणला, वर्तमानपत्रात गुंडाळून.

जमा करण्याआधी जॉबवर रोल नंबर ठोकायचं काम लहानूकाकांचं. पेठ तालुक्यातले, बावीस वर्षं याच वर्कशॉपात. पोरं खरी शिकायची ती त्यांच्याकडून. पण सातवीपुढचा कागद नाही, म्हणून हुद्दा मदतनिसाचा. मार्क द्यायचे सरांनी.

काकांनी तिचा जॉब उजेडाला धरला. "झकास हाय. आता हात दाखव."

"हात कशाला?"

"दाखव तर."

तिनं तळवा पुढं केला. मऊ, स्वच्छ.

"ह्या हातानं लोखंड घासलं व्हय गं पोरी?"

मागून वर्गातला दिनेश हसला. "काका, ठोका ना नंबर. आमचे ठोकलेत की!"

"तुला सांगून दमलो बाबा. हिला पैल्यांदाच सांगतोय."

ज्योत्स्ना रडकुंडीला आली. "मला कुठं फिटर व्हायचंय, काका? सर्टिफिकेट मिळालं की झालं."

"मिळंल की. मला नाय भेटलं म्हणून तुझं कशाला अडवू?" त्यांनी पंच उचलला. "मारू नंबर? बोल."

दोन वाजले होते. तिच्या तोंडून 'मारा' काही निघेना. तिनं तो जॉब पिशवीत टाकला आणि स्वतःचा अर्धवट सोडलेला तुकडा व्हाइसच्या पकडीत आवळला.

"ढकलताना जोर, परत आणताना सैल," काका शेजारी उभे राहून सांगत राहिले. स्वतः मात्र कानशीला हात लावला नाही.

पाचला पाच मिनिटं कमी असताना तुकडे बसले. तळव्याला तीन फोड आले होते आणि एका कोपऱ्यातून उजेड दिसतच होता. काकांनी नंबर ठोकला. सरांनी काठावरचे मार्क दिले. दिनेशला तिच्या दुप्पट.

१९९९ मध्ये अंबडच्या एका कारखान्यात मुलाखत झाली. साहेबांनी मार्कशीट बाजूला ठेवून तिच्या हातात कानस दिली. ढकलताना जोर, परत आणताना सैल. नोकरी लागली.

२००५ मध्ये काका निवृत्त झाले. निरोपाला ज्योत्स्ना वर्कशॉपात आली आणि तिनं पर्समधून स्वतः घासलेला तो जॉब काढला. निकालानंतर तिनं तो मागून घेतला होता.

काकांनी खिडकीकडे धरून पाहिला. "अजून दिसतोय गं उजेड."

"तसाच ठेवलाय. तुमच्यासमोर पुरा करायचा म्हणून."

गळ्यातला हार त्यांनी व्हाइसच्या दांड्याला अडकवला. "मग ये. धा मिनिटाचं काम हाय."

भाषणं खोळंबलीत, असा दारातून निरोप आला.

"सांगा त्यांना, काकांच्या एका पोरीचा जॉब राहिलाय," ज्योत्स्ना म्हणाली, आणि पदर खोचून तिनं कानस उचलली.