साबण लावेपर्यंत थांबा

"फोडा त्या," डॉक्टर म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माझी बायको टेबलावर दोन्ही हात पसरून बसलेली. हातात हिरव्या बांगड्या. मी तिच्या मागे उभा, जिवंत. ती म्हणाली, "सायेब, साबण लावून काढते. जरा थांबा."

"मी काय न्हाणीघर उघडलंय?"

नर्सने वर फडकं टाकलं आणि कात्रीच्या मुठीने ठोकलं. आमच्यात बाईच्या बांगड्या अशा एकदाच फोडतात. नवरा मेल्यावर.

एक काच मनगटात घुसली. रक्त आलं. मी खांद्यावरच्या टॉवेलाने पुसायला वाकलो तर डॉक्टर ओरडला, "पुसू नको! वाहू दे." आणि हातातलं घड्याळ बघत बसला. किती वेळाने थांबतं ते त्याला लिहून घ्यायचं होतं.

गिरणीचा संप फसला तेव्हा मी मुंबई सोडून लांज्याकडच्या आमच्या गावाला आलो. पुढे भातलावणीच्या दिवसांत हिच्या अंगावर निळे-काळे डाग उठायला लागले. दात घासले की रक्त. गावात म्हणायचे, गिरणी गेली तो राग बायकोवर काढतोय. मी कधी बोट लावलं नाही तिला. पण डाग दिसत होते, माणसं बघत होती.

रत्नागिरीत एका दवाखान्यात मुंबईचा मोठा डॉक्टर महिन्यातून एका सोमवारी यायचा. तो म्हणाला, रक्त गोठवणारे कण कमी पडलेत. नवी गोळी आहे, दुकानात मिळत नाही. त्याच्या संशोधनात आलात तर फुकट. फक्त दर खेपेला रक्त द्यायचं आणि डाग किती राहिले ते बघायला हातांचा फोटो काढू द्यायचा. फोटोत बांगडी नको.

गोळीने गुण आला. खोटं कशाला बोलू. हिरड्यांचं रक्त थांबलं. पण हात सुजले. बांगडी नुसती ओढून निघेना.

बांगड्या फोडल्या त्या दिवशी एसटी स्टँडबाहेर कासारणीने हिचे मोकळे हात बघितले. "कधी गेला गो बाय तुझा घरवाला?"

बायकोने माझ्याकडे बोट केलं. "ह्यो काय हुबा. मेलेला माणूस पिशवी उचलतो काय?"

कासारीण हसली. ही पण हसली. तिने सरावाने हात दाबून नव्या बांगड्या भरल्या. गाडीत बसल्यावर बायको खिडकीकडे तोंड करून रडली.

पुढच्या खेपेला मी साबणाची वडी घेऊन गेलो. टेबलावर ठेवली. नर्सने कात्री उचलली तसा मी बायकोच्या मनगटावर हात ठेवला. "मी मेलो की फोडा," म्हटलं.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "गोळी हवी का बांगडी, ते ठरवा. बाहेर रांग आहे."

मी हात काढला नाही. तिने काढला. माझी बोटं एकेक करून सोडवली. "फोडू दे वो. मला जगायचा हाय."

मी टेबलावरची वडी उचलून पिशवीत टाकली.

मग दर महिन्याला तेच. तिथे फुटायच्या, स्टँडवर भरायच्या. वडी माझ्या पिशवीत कोरडीच.

एका सोमवारी फोटो देऊन आलो तर कासारीण बसलेली नव्हती. ही म्हणाली, उद्या लांज्यात भरीन. सकाळी चुलीपुढे डोकं धरून बसली. शब्द अडकले. डोक्यात आतल्या आत रक्त वाहिलं. दिवस मावळायच्या आत संपली. त्याचा दोष मी डॉक्टरला देत नाही. दुखणंच तसं होतं.

पण अहेव बाई हिरवा चुडा भरून जाते. भावजयीने बांगड्या आणल्या. सुजून ताठलेल्या हातात एक चढेना. "साबण लावा," ती म्हणाली. मी पिशवीतली वडी काढली, भिजवली, बायकोच्या हातांना लावली. तरी चढल्या नाहीत. नवरा जिवंत असून माझी बायको मोकळ्या हातांनी जळली.

ती गेल्याचं दवाखान्यात कळवलं होतं. थोड्या दिवसांनी तिथून निरोप आला. उरलेल्या गोळ्या परत आणून द्या. तिची चौकशी नाही. गोळ्यांची.

घेऊन गेलो. टेबलाशी दुसरी बाई, तरणी, हात तसेच सुजलेले. मागे तिचा नवरा, मान खाली. नर्सने कात्री उचलली. मी ती धरली.

डॉक्टर म्हणाला, "तुझी बायको गेली ना? मग आता इथे काय काम तुझं?"

"म्हणूनच आलोय."

"हिला गोळी नकोय का?"

ती बाई घाबरून माझ्याकडे बघायला लागली. ती नजर मला ठाऊक होती. मी म्हटलं, "गोळी पायजेल. बांगडी पण पायजेल. दोनी तिचीच. तुमी फक्त थांबायचा."

वडी तिच्या नवऱ्याच्या हातात दिली. "भिजव रे."

त्याने भिजवली. एकेक बांगडी निघाली, सगळ्याच्या सगळ्या अख्ख्या. डॉक्टर घड्याळ बघत राहिला. बघू दे. रक्त वाहताना बघायला वेळ होता त्याला.

आता तो येतो त्या सोमवारी मी पहिल्या गाडीने जातो. बादलीत पाणी आणि साबणाची वडी घेऊन दाराशी बसतो. शिपाई म्हणतो, "म्हाताऱ्या, पोलीस बोलवीन." बोलव. येणाऱ्या बायांना मी सांगतो, रक्त द्या, फोटो द्या, गोळी मान वर करून घ्या. कात्री दिसली की हात मागे घ्या.

जीव वाचवायला आलेल्या बाईला जित्या नवऱ्यासमोर रांडव करायची नाही. डॉक्टरला थांबावं लागेल. मी उठणार नाही.