अण्णांच्या गाडीचा जाम पिस्टन

गेल्या वर्षी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर सांगितलं की पडवीतली जुनी मोटरसायकल आता भंगारात द्यायची. मी म्हटलं, द्या खुशाल, पण आधी मला तिचं इंजिन उघडून बघायचंय. मग म्हणाले, "त्यात काय बघायचं? तूच जाळलंस की ते."

झालं! मी कॉलेजात होते तेव्हापासून हे वाक्य ऐकतेय. अण्णा साखर कारखान्यात चिटबॉय होते. कुणाच्या उसाला कधी तोड, त्याच्या चिठ्ठ्या देत गाडीवरून शेतोशेत फिरायचे. हंगाम संपला की गाडी पडवीत उभी. अशाच एका पावसाळ्याच्या तोंडावर ते परगावी गेलेले बघून मी गाडी काढली, बेलापूरहून श्रीरामपूरला कॉलेजात जाऊन आले आणि पुसून होती तिथं लावली. शेजारणीनं चहाडी केलीच. अण्णांनी तेव्हा नुसते डोळे वटारले. पण दिवाळीनंतर हंगामासाठी गाडी काढायला गेले तर किक जागची हलेना, इंजिन जाम! "पोरीनं ऑइल न बघता पळवली, पिस्टन चिकटला," असा निकाल लागला. ना चौकशी, ना काही.

आता खरं सांगायचं तर ऑइल मी बघितलं नव्हतं. ते बघायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. म्हणून तर भांडताही येईना. अण्णांनी मात्र लग्नात, बारशात, दहाव्यालासुद्धा ही गोष्ट सांगितली, आणि लोक माझ्याकडे बघून फिदीफिदी हसले. मी त्यानंतर कुठल्याही गाडीला हात लावला नाही. राहात्याला सासरी आले, तिथं सगळा संसार मागच्या सीटवर पिशवी धरून केला.

आमच्या दारासमोर गॅरेज आहे. तिथल्या मेस्त्रीनं एकदा बोलता बोलता सांगितलं, की ऑइलावाचून पिस्टन धरला, म्हणजे जाम झाला, तर त्याच्या अंगावर उभे ओरखडे पडतात. पाणी शिरून धरला तर ओरखडे नसतात, नुसता गंज. ते ऐकल्यापासून मला चैन नव्हतं. भंगारवाल्यानं गाडी नेली असती तर मी जाळली की नाही, हे मरेपर्यंत कळलं नसतं.

रविवारी मेस्त्रीला घेऊन बेलापूर गाठलं. त्यानं गाडीवरचं पोतं काढलं आणि खो खो हसत सुटला. प्लगच्या जागी मक्याचं बुरकुंड, म्हणजे दाणे काढलेलं कणीस, ठोकलेलं! "अण्णा, हे कोनतं मॉडेल म्हनायचं?" अण्णा खाटेवर बसून तंबाखू मळत होते. "धूळ जाऊ नये म्हनून आसंल," एवढंच म्हणाले.

हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, नट गंजून एकजीव झालेले. एकेक तापवून, डिझेल पाजून, पान्याला पाइप लावून सोडवला. हेड निघालं तर खाली सगळा लालभडक गंज. मी हरखले. मेस्त्री म्हणाला, "ताई, एवढ्यात पेढे वाटू नका. वरचा गंज मागनंबी चढला आसंल. खरं काय ते पिस्टनच्या अंगावर." मग पिस्टनवर डिझेल आणि ब्रेक ऑइल ओतलं आणि आठवडाभर मुरू दिलं. तो आठवडा मी घरात सगळ्यांवर खेकसत काढला.

पुढच्या रविवारी मेस्त्रीनं बत्ती पेटवून सिलिंडर बाहेरून तापवला, पिस्टनवर बाभळीचा ठोकळा ठेवला आणि ठोकायला लागला. पिस्टन ढिम्म. त्याला संध्याकाळी लग्नाला जायचं होतं. त्यानं सरळ घण उचलला.

"खबरदार!" मी ओरडले. "पिस्टन फुटला तर मी काय बघू, कपाळ?"

"आवो ताई, भंगारातच जायचंय ना?"

"माझं झाल्यावर जाऊ दे भंगारात!"

अण्णा खाटेवरून उठले. वय ऐंशीच्या पुढं, तरी काठी टेकत आले आणि मेस्त्रीच्या डोक्याशी उभे राहिले. "बारीक ठोक. मधी न्हाई, चहूकडनं. आता थांब, गार हू दे. परत तापीव." उमेदीची वर्षं त्या गाडीवर काढलेला माणूस, त्यांना राहवेना. तापव, थांब, ठोक, डिझेल घाल, असं दुपारभर चाललं. मेस्त्री लग्नाचं विसरला. शेवटी कट्ट असा आवाज आला आणि पिस्टन नखभर खाली सरकला. आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

सिलिंडर वर ओढून काढला तेव्हा मात्र माझी हिंमत झाली नाही. मी तोंड फिरवून उभी राहिले. अण्णांनी चष्मा मागितला, धोतराच्या सोग्यानं पिस्टन पुसला आणि त्यावरून चारी बाजूंनी अंगठा फिरवला. फार वेळ लावला. मेस्त्री हात धुवायला हौदाकडे गेलेला. मला त्यातलं काही कळत नव्हतं. ते म्हणाले असते, हे बघ ओरखडे, तर मी मान खाली घालून राहात्याला गेले असते.

"एक वरखडा न्हाई," अण्णा म्हणाले. "रिंगा तेवढ्या गंजल्यात. ही तू जाळली न्हाईस."

मी पिस्टन त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः अंगठा फिरवून बघितला. हसू येतंय की रडू, कळेना. छातीवरचा धोंडा उतरला, दुसरं काय म्हणू!

अण्णा त्या हेडाकडे बघत होते. "त्या पावसाळ्यात कांद्याच्या रोपावर फवारायचं हुतं. फवाऱ्याच्या इंजनाचा प्लग गेला. मी गाडीचा काढून तिकडं लावला आन हितं बुरकुंड कोंबलं. पडवी गळत हुती. पानी त्या बुरकुंडातनं आत झिरपलं. मीच घालवली गाडी." मग खिशातला मोबाईल माझ्यापुढं केला. "आत्याला लाव. तिच्यापासनं सुरू करू."

आत्याला कमी ऐकू येतं. अख्ख्या आळीनं ऐकलं. "अगं, गाडी पोरीनं न्हवती जाळली! मी! मीच येडा!" मग काका, मग मामा. त्यापुढं अण्णा एकेक माणूस आठवायचे आणि "तो बी गेला" म्हणून मान हलवायचे. सांगायला माणसंच उरली नव्हती. मी म्हटलं, "अण्णा, पुरे आता. मला कळलं, बास झालं."

त्यांनी मोबाईल खाली ठेवला.

"तुझी आई तवाच म्हनली हुती," ते म्हणाले. "म्हनली, पोरीला बोल लावू नका, त्या बुरकुंडातनंच पानी गेलं आसंल. मी तिच्यावर वरडलो. तुला काय कळतंय इंजनातलं, म्हनलं. परत हा विषय काढायचा न्हाई, म्हनलं."

आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली. तिनं परत तो विषय काढला नाही, माझ्याजवळही नाही. आणि मी आपली एवढी वर्षं धरून बसले होते, की या घरात माझ्या बाजूनं कुणीच नव्हतं.