रिठदचा रस्ता आणि माझा भोंगा

अकोल्याहून रिठदला जायचे दोन मार्ग आहेत. मालेगाव किंवा वाशिमपर्यंत सर्व्हिस मोटर आणि पुढे बैलगाडी, हा शहाण्या माणसांचा मार्ग. दुसरा फटफटीचा. आम्ही दुसऱ्याने गेलो, आणि परत मात्र मी पहिल्याने, तोही उलटा, आले. असं का झालं ते सांगते. त्या बाजूला जाणाऱ्यांना उपयोग होईल.

रिठदला माझी थोरली बहीण राहते, अक्का. मोठ्या शेतीच्या घरात दिलेली. तीन वर्षांपासून तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता आणि या माघात तिला माणसं फक्त आवाजावरून कळू लागली होती. अकोल्याला मुंबईचे एक डोळ्यांचे डॉक्टर येऊन राहिले होते, गुरुवारपर्यंतच. मी दोनदा पत्र घातलं, दोनदा तिचा नकार आला. तिसऱ्या खेपेला तिने मुलाकडून एकच ओळ लिहवून पाठवली: "तू सोता न्याले आली तर येईन."

मी सहा वर्षांत रिठदला गेले नव्हते. कारणं पुष्कळ होती. लिहायला बसले तर एकही धड दिसत नाही.

आमचे हे हायस्कुलात गणित शिकवतात. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी जुनी फटफटी घेतलेली आहे, बाजूला बसायची टोपली जोडलेली. टोपलीत मी बसते. त्या गाडीची एक खोड अशी की भोंग्याचा रबरी फुगा हँडलला बसत नाही, म्हणून तो टोपलीच्या कडेला बांधला आहे. थोडक्यात, गाडी ते चालवतात आणि भोंगा मी वाजवते.

घरी मी कोणावर आवाज चढवत नाही. मोलकरणीशी बोलायचं तरी आधी मनात दोनदा वाक्य जुळवते. पण त्या टोपलीत बसले, डोक्याला फडकं आणि डोळ्यांना धुळीचा चष्मा बांधला, की माझं काय होतं कोण जाणे. रस्त्याच्या मधून चालणारा माणूस, आडवी म्हैस, गप्पा मारत गाडी हाकणारे, सगळे मला जन्माचे वैरी वाटतात. हे शांतपणे वेग कमी करतात. मी भोंगा दाबते आणि वर तोंडानेही सांगते.

रविवारी पहाटे निघालो. पातूरपर्यंत रस्ता उत्तम. पुढे घाट लागतो. चढावर फटफटी तापते, म्हणून पाण्याचा डबा जवळ हवाच. पेट्रोलचा डबा अकोल्यातूनच भरून घ्यावा. मेडशीच्या जंगलात सावली छान आहे, तिथे आम्ही दशम्या खाल्ल्या. मालेगावला चहा मिळतो, आणि भजी. भजी खावीत, चहा नाही प्यायला तरी चालेल. इथवर माझं तीन गाडीवानांवर, एका मेंढपाळावर आणि एका जटाधारी बुवांवर ओरडून झालं होतं. बुवांनी मला आशीर्वाद दिला, त्यामुळे मला आणखीच राग आला.

"तू दमत नाहीस का?" ह्यांनी विचारलं.

"लोकांचं लक्षच नसतं रस्त्यावर," मी म्हटलं.

रात्री वाशिमला ह्यांच्या एका विद्यार्थ्याच्या घरी मुक्काम केला आणि सोमवारी सकाळी रिठदच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना चर आणि त्यापलीकडे कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीची शेतं. धूळ घोट्यापर्यंत. अर्ध्या वाटेवर समोर सात बैलगाड्यांची रांग लागली. सरकी काढायच्या जिनात कापूस टाकून रिकाम्या परत चाललेल्या. शेवटच्या गाडीतला माणूस तोंडावर टॉवेल टाकून उताणा झोपलेला. कासरा गाडीच्या दांडीला गुंडाळलेला. बैल आपले चालताहेत.

मी भोंगा वाजवला. तो हलला नाही. परत वाजवला. ह्यांनी "अगं, थांब," म्हटलं, पण मी तोवर फुगा दोन्ही हातांनी धरला होता.

डावीकडचा बैल एकदम उधळला. गाडी रस्ता सोडून चरात गेली, चाक कडाडलं, बैल गुडघ्यावर पडला आणि झोपलेला माणूस पऱ्हाट्यांत जाऊन बसला. म्हणजे अक्षरशः बसला, टॉवेल अजून हातात.

अशा वेळी चांगली बाई आधी काय विचारते ते मला माहीत आहे. मी टोपलीत उभी राहून ओरडले, "आंधळा आहेस का रे? गाडी हाकताना झोपतात?"

त्याने अंगाला चिकटलेल्या काड्या झटकल्या. पन्नाशीचा, वाळलेला माणूस. आधी बैलाजवळ गेला, त्याचा गुडघा पाहिला आणि मग माझ्याकडे वळला.

"मी झोपलो असन बाई. बैल जागे होते ना."

"आणि पुढे काही आलं असतं तर?"

"पुढं पांडबा हाये. आज जागं राहाची पाळी त्याची. सात गाड्याईत एकच जागा राह्यते, बाकीचे बैल त्याच्या मागं चालतात. रातभर जिनात उभे होतो आमी." त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. "तुमाले पुढं जायचं होतं तं पांडबाले आवाज द्याचा. मागच्याले कायले उठवता?"

पांडबा तोवर पुढून धावत आला होता. बाकीचे पाच जण डोळे चोळत जमले. त्यातला एक म्हणाला, "किसनभाऊ, बाई मोठी तिखट हाये रे."

मी टोपलीतून उतरले, तेव्हा चरात पडलेल्या पुड्या दिसल्या. फुटलेली एक पुडी, तिच्यातली काळी पूड धुळीत सांडलेली. वास ओळखीचा होता.

"चहा?" मी विचारलं.

"हाव. आमच्या घरी कोनी पेत नाही," किसन पूड ओंजळीत गोळा करत म्हणाला. "मालकिनीची बहीन येऊन राह्यली अकोल्याहून. तिले चहा लागते म्हने. मालकिनीले दिसत नाही, पन चार दिसापासून बहिनीसाठी सामान सांगून राह्यली. म्हनून तं न थांबता निघालो."

मी चष्मा काढला. हे माझ्याकडे पाहत नव्हते. चाकाकडे पाहत होते, फार बारकाईने.

रिठदला पोचायला दुपार झाली, कारण किसनची गाडी सगळ्यांनी मिळून चरातून काढली आणि त्यात आमची फटफटीही ओढायला जुंपावी लागली. घरात बातमी आमच्या आधी गेली होती. अक्का ओसरीवर बसलेली. मी पाया पडले, तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. धूळ बोटाला लागली ती तिने पदराला पुसली.

"बारीक झाली," म्हणाली. आणि लगेच, "चांद्याच्या गुडघ्याले किती लागलं?"

चांद्या म्हणजे तो बैल. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि लसणाचा ठेचा असं जेवण झालं. असं जेवण अकोल्यात मिळत नाही. जेवताना अक्का प्रेमाने वाढायला सांगत होती. हात धुताना तिने शांतपणे सांगितलं की ती येणार नाही.

"अक्का, डॉक्टर गुरुवारपर्यंतच आहेत."

"असतीन. ज्या गाडीनं माह्या घरचा बैल पाडला तिच्यात मी बसू? लोक काय म्हनतीन? चांद्या चालू लागू दे, मंग पाहू."

"डोळे जातील तुझे!"

"गेलेच हायेत. तू कायले कल्ला करते?"

मी अंगणात जाऊन रडले. तीन वर्षांनी एकदा ती हो म्हणाली होती आणि मी एका भोंग्यासाठी ते घालवलं. हे पाठीमागे येऊन उभे राहिले. "माझ्यापुढे रडून उपयोग नाही," म्हणाले. "मी बैल नाही."

खरं होतं. मी गोठ्यात गेले. किसन चांद्याचा गुडघा गरम पाण्याने धूत होता. "किसनभाऊ, चुकलं माझं," हे तीन शब्द म्हणायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी एरवी अर्धं पान लिहिते. तो नुसता "असू द्या" म्हणाला आणि हळदीची वाटी माझ्या हातात दिली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात, ते मी लहानपणी केलेलं. आता तुपात कालवलेली हळद चांद्याच्या गुडघ्याला लावली, मग खांद्याला. बैलाने माझ्या नव्या लुगड्याला नाक पुसलं. ओसरीवरून अक्का विचारत होती, "तुपाचा वास येते. कोन चोळून राह्यलं?"

"तुमची बहीन," किसन म्हणाला. "हात हलका हाये. जीभ भारी हाये."

अक्का हसली. सहा वर्षांनी ऐकलं मी ते हसणं.

किसननेच मग तोडगा काढला. चाकाचा मोडलेला आरा सुतार संध्याकाळपर्यंत बसवून देईल. जखम वरवरची आहे, चांद्या उद्या चालेल. बैलगाडीने मालेगाव गाठायचं, तिथून बुधवारी सकाळची सर्व्हिस मोटर. "पन आता तो भोंग्याले भिते. रस्त्यानं मोटर आली का कोनीतरी समोर उभं राहून त्याची येसन धराव लागन, अन गोड बोलाव लागन त्याच्याशी. मी वर कासरा धरीन."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. अक्कासुद्धा, आवाजाच्या अंदाजाने.

मंगळवारी उजाडताच निघालो. डॉक्टरांकडे नाव घालायला हे फटफटीने पुढे गेले. पुढे गेले म्हणजे, चांद्या बिथरू नये म्हणून गावाबाहेरपर्यंत त्यांनी ती टोपलीसकट हाताने ढकलत नेली. गणिताचे मास्तर असे घामाघूम झालेले मी प्रथमच पाहिले. गाडीत गवतावर गोधडी टाकून अक्काला बसवलं. मी निम्मा वेळ गाडीत, निम्मा चांद्यापुढे. पायी चालायचं असेल तर या वाटेला जुन्या वहाणाच घालाव्यात, नव्या चावतात.

मालेगाव तासाभरावर असताना समोरून मोटर आली. खच्चून भरलेली. ड्रायव्हर मान मागे वळवून कोणाशी तरी हुज्जत घालत होता, रस्त्याकडे बघतच नव्हता. मी उडी मारून चांद्याची वेसण धरली आणि दुसरा हात वर केला. ड्रायव्हरचं लक्ष गेलं तेव्हा त्याने जोरात भोंगा वाजवला, मग ब्रेक दाबला आणि डोकं बाहेर काढून ओरडला, "ए बाई! मरून राह्यली का? रस्ता तुह्या बापाचा हाये का?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. तयारच असतं. पण चांद्याचे कान ताठ झालेले, डोळे पांढरे, त्याचा गरम श्वास माझ्या मनगटावर. आणि मागे गाडीत अक्का. मी आवाज चढवला असता तर तो परत उधळला असता. म्हणून मी, बैलाच्या कपाळाला हात लावून, अंगाईच्या आवाजात म्हटलं, "दादा, मागे बघून मोटर हाकता, तुमच्या डोळ्यांची आरती करायला पाहिजे हो. इंजिन बंद करा बरं, राजा. माझी आंधळी बहीण आहे गाडीत."

त्याने डोकं आत घेतलं. मग त्याने इंजिन बंद केलं. आतले उतारू माना काढून बघत होते. आम्ही रस्त्याच्या कडेने, एकेक पाऊल, त्या मोटरीच्या बाजूने निघून गेलो. मागून ड्रायव्हर म्हणाला, "जरा सांभाळून जा, माय."

"शिव्या बी साखरेत घोळून देता तुमी," किसन वरून म्हणाला. अक्का गोधडीत तोंड घालून हसत होती. मी मात्र मालेगावपर्यंत चांद्याची वेसण सोडली नाही.

गुरुवारी दुपारी अक्काच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दहा दिवस तिला मान न हलवता पडून राहायचं होतं. त्या दिवसांत आम्ही सहा वर्षांचं बोललो; ते इथे लिहायचं नाही. प्रवासातलं काय उरलं म्हणाल, तर रस्त्यावर माझा भोंगा आता कमी वाजतो, असं हे म्हणतात. मला त्याची खात्री नाही. मागच्याच आठवड्यात मी एका टांगेवाल्याला काय बोलले ते ह्यांनी ऐकलं नाही, एवढंच.

काल अक्काचं पत्र आलं. तिच्या स्वतःच्या हाताने लिहिलेलं, ओळी वरखाली गेलेल्या, पण लिहिलेलं. लिहिते:

"इकडे सगळे मजेत. मले आता कोपऱ्यातली जाळी दिसतात, देवाच्या समयीची काजळी दिसते, सुनेनं भांडी कशी घासली तेबी दिसते. तीन साल मी किती लख्ख घरात राहून राह्यली होती गं! आता सकाळपासून कोनावर ना कोनावर ओरडनं चालू हाये. घर माह्यापासून पळून राह्यलं."

पत्र मी दोनदा वाचलं आणि ह्यांना दिलं. म्हटलं, "उत्तरात तिला जरा समजावून लिहायला हवं. एवढं ओरडू नये माणसाने."

ह्यांनी पत्रावरून नजर उचलून माझ्याकडे बघितलं. मग चष्मा काढून पुसायला लागले.